बोटभर माशाची ओळख

"हा मासा कोणता?" नदीकाठच्या माणसाला आणि मालवणला पाण्यात डुबकी मारून आलेल्या पर्यटकाला पडणारा हा प्रश्न. हल्ली बरोबर मोबाइलवरचा फोटोही असतो. मासा बोटभर, कधी नखाएवढा. फोटो वरून काढलेला. अंगावर ठिपके आहेत, डोळे वर आहेत, तळाशी दगडाला चिकटून बसला होता, एवढंच ठाऊक.

जगात गोबी नावाच्या माशांच्या जवळपास दोन हजार जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांचं वर्णन वरच्या शब्दांत तंतोतंत बसतं. म्हणून एका फोटोवर नाव सांगणं कठीण जातं. तरीही ओळखीची एक रीत आहे आणि शाळकरी मुलालाही ती शिकता येते. प्रवाळातले गोबी फार बारीक आणि समुद्रात राहणारे, तेव्हा शिकायला एखादा मोठा आणि घराजवळचा गोबी हवा. तो शिरवळला नीरेत मिळतो. लोक त्याला खरपा म्हणतात.

१. नीरेतला खरपा

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना सारोळ्याजवळ नीरेचा पूल लागतो. पूल ओलांडला की सातारा जिल्हा सुरू होतो आणि पहिलं मोठं गाव शिरवळ. गावच्या नदीकाठी सुभानमंगळ किल्ल्याचे अवशेष आहेत. वरच्या अंगाला भाटघर आणि नीरा-देवघर ही धरणं, खालच्या अंगाला वीर धरण. नीरा पूर्वेला वाहत नीरा-नरसिंहपूरला भीमेला मिळते, भीमा कृष्णेला, आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. अरबी समुद्र इथून सरळ रेषेत शंभरेक किलोमीटरवर असला तरी मध्ये सह्याद्री आहे; या पाण्याचा समुद्र पूर्वेकडचा, आणि तो फार लांब आहे.

एवढ्या आत, गोड्या पाण्यात, गोबी कुळातला मासा सापडतो याचं अनेकांना नवल वाटतं, कारण या कुळाचे बहुतेक नातेवाईक समुद्रात, खाडीत आणि प्रवाळात राहतात. मुंबई-कोकणच्या चिखलात उड्या मारणारी निवटी याच नात्यातली. खरप्याला मात्र गोडं, मचूळ आणि खारं अशी तिन्ही पाणी चालतात. पूर्व आफ्रिकेपासून प्रशांत महासागरातल्या बेटांपर्यंत तो पसरलेला आहे.

पाग टाकणाऱ्याच्या जाळ्यात तो इतर माशांबरोबर येतो. बहुधा वीतभर किंवा त्याहून लहान असतो. लांबट अंग, चपटं डोकं, मोठं तोंड, मातकट रंग. तळाच्या वाळूवर किंवा दगडाच्या आडोशाला निश्चल बसायचं आणि जवळून जाणारी कोळंबी, किडा किंवा पिल्लू एका झेपेत गिळायचं, हा त्याचा जगण्याचा धंदा. शरीराची ठेवण या धंद्याला साजेशी आहे. ओळखीच्या बहुतेक खुणा त्यातूनच आलेल्या असल्यामुळे त्या पाठ कराव्या लागत नाहीत, समजून घेतल्या की लक्षात राहतात.

२. आधी उलटा करून बघा

मासा हातात आला की आपण त्याचा रंग पाहतो. ती सवय मोडून मासा ओल्या तळहातावर उताणा धरावा आणि पोटाकडे पाहावं.

बहुतेक माशांना पोटाखाली दोन पर असतात, एक डावा, एक उजवा, एकमेकांपासून सुटे. खरप्याचे हे दोन पर जोडले जाऊन एकच झालेले असतात. पुढच्या बाजूला दोघांना सांधणारा एक आडवा पडदाही असतो. त्यामुळे छातीखाली पानांचा द्रोण लावावा तशी खोलगट वाटी तयार होते. वाहत्या पाण्यात तळाला टेकून राहायला ही वाटी उपयोगी पडते. मासा वाहून जात नाही आणि सतत पोहत राहण्याची मेहनत वाचते.

गोबी कुळाची ही सर्वांत सोपी खूण. वरून काढलेल्या फोटोत ती कधीच दिसत नाही, म्हणून असे फोटो ओळखीला अपुरे पडतात.

इथे एक घोटाळा होऊ शकतो आणि तो नीरेतच होतो. याच पाण्यात मळ्या नावाचा दुसरा मासा आहे, शास्त्रीय नाव गारा मुल्या. तोही दगडाला चिकटतो आणि त्याच्याही अंगाखाली चकती असते. पण ही चकती तोंडाच्या लगेच मागे, हनुवटीवर असते, खालच्या ओठापासून बनलेली. पोटाचे पर सुटे ते सुटेच. मळ्या हा रोहू-कटल्याच्या कुळातला. त्याच्या तोंडाशी बारीक मिशा असतात आणि शेपटी कातरलेली असते. खरप्याला मिशा नाहीत आणि शेपटी गोलसर आहे. चिकटण्याची गरज एकच, पण दोन कुळांनी ती शरीराच्या दोन वेगवेगळ्या भागांतून भागवली. म्हणून "चिकटणारा मासा" एवढ्या वर्णनावर कधी नाव ठरवू नये. कशाने चिकटतो, हे पाहावं.

३. पाठीवर किती पर?

पोट पाहून झालं की मासा सरळ करावा आणि पाठीवरचे पर हलकेच उभे करून पाहावेत. जिवंत मासा ते मिटून ठेवतो. भिजवलेल्या काडीने पुढून मागे न ढकलता मागून पुढे उचललं, तर पर न फाटता उघडतो.

खरप्याच्या पाठीवर दोन वेगळे पर असतात आणि मध्ये स्पष्ट फट. पहिला लहान, दुसरा लांब. एवढ्यावर नदीतले बरेच मासे बाजूला पडतात. मरळीचं आणि डोकाचं पिल्लू लांबट अंगामुळे आणि चपट्या डोक्यामुळे खरप्यासारखं वाटतं. पण त्यांच्या पाठीवर डोक्यामागून शेपटीपर्यंत एकच सलग पर पसरलेला असतो. वाळूत सापडणाऱ्या मुऱ्यांच्या पाठीवर एकच छोटा पर असतो आणि तोंडाभोवती मिशा. वामीचं अंग सापासारखं, तिचा घोळ होत नाही. चिलापीचं अंग उंच आणि दोन्ही बाजूंनी दाबलेलं, तिचा तर प्रश्नच नाही.

पोटाची वाटी आणि पाठीवरचे दोन पर या दोन खुणा एकत्र आल्या की मासा गोबी आहे असं नीरेच्या काठावर तरी निश्चिंतपणे म्हणता येतं.

कोकणात मात्र आणखी एक पायरी लागते. तिथल्या ओढ्यांत आणि खाड्यांत गोबीचे चुलते असलेल्या इलिओट्रिस गटातले मासे मिळतात. त्यांनाही पाठीवर दोन पर असतात, रूपही तसंच. पण त्यांच्या पोटाखालचे पर सुटे असतात. म्हणून पोट आधी पाहायचं.

४. काटे आणि काड्या मोजणं

कुळ कळलं, आता जात. गोबी कुळात शेकडो प्रजाती आहेत. प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट. शास्त्रीय नावातला पहिला शब्द प्रजातीचा, दोन्ही शब्द मिळून जातीचं नाव. जात ठरवायला आकडे लागतात.

माशाच्या परात दोन प्रकारचे आधार असतात. एक ताठ, न फुटलेला, एकसंध. त्याला काटा म्हणू. दुसरा मऊ, बारीक सांध्यांचा, टोकाला फाटे फुटलेला. त्याला काडी म्हणू. पुस्तकांत काडीला किरण म्हणतात. परामागे प्रकाश धरून साध्या भिंगातून पाहिलं की दोन्हींतला फरक दिसतो.

खरप्याच्या पाठीवरच्या पहिल्या परात ६ काटे असतात. दुसऱ्या परात सुरुवातीला १ काटा आणि त्यामागे ८ किंवा ९ काड्या. शेपटीजवळ पोटाच्या बाजूला जो पर असतो त्यात १ काटा आणि बहुतेक वेळा ८ काड्या.

मोजताना एक अडचण हटकून येते. समजा, दोन मैत्रिणींनी एकच मासा मोजला. एकीने दुसऱ्या परातल्या काड्या ९ सांगितल्या, दुसरीने १०. दोघींची नजर चांगली आहे. फरक पडला तो शेवटच्या काडीमुळे. ही काडी बहुधा मुळापासूनच दुभंगलेली असते आणि दोन असल्यासारखी दिसते. मत्स्यशास्त्रात ठरलेला नियम असा की, एकाच मुळातून निघालेल्या शेवटच्या दोन काड्या एक धरायच्या. म्हणजे उत्तर ९. नियम क्षुल्लक वाटेल, पण तो पाळला नाही तर जपानमधल्या माणसाने मोजलेला मासा आणि शिरवळमध्ये मोजलेला मासा यांची तुलनाच होऊ शकत नाही.

नंतर खवले. बऱ्याच माशांच्या कुशीवर डोक्यापासून शेपटीपर्यंत बारीक छिद्रांची एक रेघ असते. पाण्यातली हालचाल मासा तिच्यातून जाणतो आणि खवले मोजायलाही ती सोयीची पडते. गोबींच्या अंगावर अशी रेघ नसते. तेव्हा कल्ल्याच्या वरच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंत कुशीच्या मधोमध एक ओळ धरून खवले मोजतात. खरप्यात हा आकडा ३० ते ३५ च्या दरम्यान येतो. प्रवाळातल्या आणि खाडीतल्या काही गोबींचे खवले इतके बारीक असतात की हा आकडा शंभरापर्यंत जातो, तर काहींना खवलेच नसतात. म्हणून हा एक आकडा पुष्कळ जाती बाजूला काढतो.

लांबी मोजायचीही एक पद्धत आहे. थोबाडाच्या टोकापासून शेपटीच्या पराच्या मुळापर्यंत मोजायचं, शेपटीचा पर धरायचा नाही, कारण तो झिजतो आणि फाटतो. मग इतर अवयव या लांबीच्या तुलनेत सांगायचे. समजा मासा १२० मिलिमीटर आहे आणि डोकं, म्हणजे थोबाडाच्या टोकापासून कल्ल्याच्या झाकणाच्या मागच्या कडेपर्यंतचं अंतर, ३८ मिलिमीटर आहे. ३८ ला १२० ने भागलं तर साधारण ०.३२ येतात. डोकं लांबीच्या ३२ टक्के, म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा. उद्या ६० मिलिमीटरचा मासा मिळाला आणि त्याचं डोकं १९ मिलिमीटर भरलं, तर प्रमाण तेच. नुसते मिलिमीटर सांगितले असते तर दोन वेगळे मासे वाटले असते. मात्र फार लहान पिल्लांत डोळे आणि डोकं अंगाच्या मानाने मोठे असतात, तेव्हा पिल्लाचं प्रमाण मोठ्या माशाला लावू नये.

५. तोंडात बघा

खरप्याच्या चेहऱ्यावर दोन खुणा आहेत. पहिली, खालचा जबडा वरच्यापेक्षा पुढे आलेला असतो. तळाशी बसून वरून जाणाऱ्या भक्ष्यावर झेपावणाऱ्याला हे सोयीचं. दुसरी खूण तोंड उघडल्यावर कळते. जिभेचं पुढचं टोक मधोमध खाचलेलं असतं, जणू दोन भागांत विभागलेलं. अमेरिकन मत्स्यशास्त्रज्ञ थिओडोर गिल यांनी १८५९ मध्ये ज्या प्रजातीची मांडणी केली त्या ग्लॉसोगोबियसची ही महत्त्वाची खूण. खरपा याच प्रजातीतला. पूर्ण नाव ग्लॉसोगोबियस ग्युरिस.

जीभ पाहायला मेलेला मासा बरा, जिवंत माशाचं तोंड ताणू नये. बाजारातला खरपा यासाठी उत्तम. स्वयंपाकाआधी दोन मिनिटं भिंग घेऊन बसलं की पोटाची वाटी, पाठीचे दोन पर, ६ काटे आणि खाचलेली जीभ हे सगळं एका माशावर तपासून होतं.

नर-मादीचा फरक जातीचा फरक समजला जाऊ नये, म्हणून तोही माहीत हवा. गोबींमध्ये गुदद्वाराच्या मागे एक छोटा उंचवटा असतो. नरात तो निमुळता आणि टोकदार, मादीत आखूड, रुंद आणि बोथट. बऱ्याच गोबींत नराच्या पाठीवरच्या पराचे काटेही लांब वाढतात.

६. रंग शेवटी

खरप्याच्या कुशीवर मधोमध पाच-सहा गडद डाग ओळीने असतात. पाठीवरच्या आणि शेपटीच्या परांवर ठिपक्यांच्या रांगा असतात. ही खूण उपयोगाची आहे, पण सगळ्यांत शेवटी वापरावी असं मला आग्रहाने सांगायचं आहे.

रंगाचं कारण बहुधा तळ असतो. वाळूवरचा मासा फिकट होतो, काळ्या खडकावरचा गडद. घाबरलेला मासा काही क्षणांत डाग उठवतो किंवा मिटवतो. विणीच्या दिवसांत नर गडद होतात. मेल्यावर रंग बदलतो आणि अल्कोहोलमध्ये ठेवल्यावर पिवळे-तांबडे रंग निघूनच जातात, काळे डाग तेवढे राहतात. काट्यांची संख्या यांतल्या कशानेही बदलत नाही. म्हणून क्रम असा: आधी ठेवण, मग मोजणी, मग प्रमाण आणि शेवटी रंग. फोटोवरून नाव सांगणारे लोक नेमके उलट्या क्रमाने जातात. रंगावरून नाव सुचतं आणि मग बाकीच्या खुणा त्या नावाला जुळवून घेतल्या जातात. बहुतेक चुकीच्या नावांचं मूळ इथे आहे.

७. नाव कसं ठरलं

खरप्याला शास्त्रीय नाव एकाहून अधिक वेळा मिळालं आणि त्यातलं एक आपल्याच भागातून गेलं. विल्यम हेन्री सायक्स हे ईस्ट इंडिया कंपनीचे लष्करी अधिकारी. मुंबई सरकारने १८२४ मध्ये त्यांना दख्खनची सांख्यिकी माहिती जमवायला नेमलं. शेती, हवामान, पक्षी, प्राणी सगळ्याची नोंद करताना त्यांनी भीमेच्या खोऱ्यातले मासेही पाहिले. दख्खनच्या माशांवरचा त्यांचा निबंध लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेने १८३९ मध्ये थोडक्यात आणि १८४१ मध्ये चित्रांसह छापला. इथली माणसं माशाला जे म्हणत तेच नाव लॅटिन धाटणीत बसवण्याची सायक्सची रीत होती. त्यामुळे खडशी 'खुद्री' म्हणून, मळ्या 'मुल्या' म्हणून आणि खरपा 'गोबियस कुरपा' म्हणून जगाच्या यादीत गेला.

खडशीचं आणि मळ्याचं नाव टिकलं, कुरपा टिकलं नाही. कारण हाच मासा फ्रान्सिस बुकॅनन-हॅमिल्टन यांनी गंगेच्या माशांवरच्या १८२२ च्या ग्रंथात 'गोबियस ग्युरिस' म्हणून आधीच वर्णिला होता. एकाच जातीला दोन नावं मिळाली तर आधी छापलेलं नाव चालतं, हा प्राणिशास्त्राचा नियम आहे. पुढे गोबियस प्रजातीची विभागणी झाली आणि ग्युरिस ग्लॉसोगोबियसमध्ये गेला.

सायक्सची चूक झाली म्हणावं का? मला तसं वाटत नाही. गंगेतला आणि भीमेतला मासा एकच आहे हे कळायला दोन्हीकडचे मासे शेजारी ठेवून काटे आणि खवले मोजावे लागतात. सायक्सने आपल्या हातातल्या माशाचं वर्णन आणि चित्र नीट करून ठेवलं, म्हणूनच नंतरच्यांना ते हॅमिल्टनच्या माशाशी ताडून पाहता आलं. वर्णन ढिसाळ असतं तर 'कुरपा' म्हणजे कोणता मासा हेच आज कोणाला सांगता आलं नसतं.

८. आता प्रवाळात

नीरेत शिकलेली रीत घेऊन समुद्रात उतरलं की काय होतं? महाराष्ट्रात प्रवाळ पाहायचं ठिकाण म्हणजे मालवण. १९८७ मध्ये तिथे सागरी अभयारण्य जाहीर झालं, आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पर्यटक पाण्यात तोंड घालून प्रवाळ आणि मासे पाहतात. विजयदुर्गाच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर समुद्रात बुडालेलं आंग्रिया बँक नावाचं प्रवाळाचं पठार आहे. त्याहून दक्षिणेला लक्षद्वीप, मालदीव आणि चागोस अशी प्रवाळबेटांची रांगच लागते.

प्रवाळातल्या गोबींचा लहानपणा कल्पनेपलीकडचा आहे. चागोसमधून १९८१ मध्ये रिचर्ड विंटरबॉटम आणि अ‍ॅलन एमरी यांनी वर्णन केलेला ट्रिमॅटॉम नेनस हा पूर्ण वाढलेला मासा जेमतेम १ सेंटिमीटरचा. इव्हिओटा या प्रजातीत शंभराहून जास्त जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक १ ते ३ सेंटिमीटरच्या आत. त्यांचं आयुष्यही तसंच आखूड. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवरच्या इव्हिओटा सिगिलाटाचं सर्वाधिक वय ५९ दिवस असल्याचं मार्शल डेपझिन्स्की आणि डेव्हिड बेलवुड यांनी २००५ मध्ये दाखवलं. कण्याच्या प्राण्यांत याहून छोट्या आयुष्याची नोंद तोवर नव्हती. त्या ५९ दिवसांतले पहिले तीन आठवडे खुल्या समुद्रात अळीच्या रूपात जातात.

आता मासा उलटा करून पोट पाहू. इथे पहिला धक्का बसतो. इव्हिओटाच्या पोटाखाली वाटी नसते. दोन्ही पर जवळजवळ सुटे, लांब आणि पिसासारखे फाटे फुटलेले असतात. प्रत्येक परातली पाचवी काडी अगदी खुरटलेली किंवा नाहीशी झालेली. वाटी नाही म्हणून हा गोबी नाही असं म्हटलं तर चुकेल. हाडांची ठेवण आणि बाकीच्या खुणा त्याला गोबी कुळातच बसवतात. या कुळात बहुतेकांची वाटी आहे, काहींची पुढच्या काळात मोडली. नीरेच्या काठावर बिनचूक चालणारी खूण प्रवाळात चालत नाही, कारण नीरेत गोबीच्या मोजक्याच जाती आहेत आणि प्रवाळात शेकडो. ओळखीची खूण कुठे वापरतो यावर तिचा भरवसा ठरतो.

मोडलेल्या वाटीचाही उपयोग मात्र करून घेता येतो. पोटाच्या पराची चौथी काडी किती ठिकाणी फुटते, पाचवी काडी आहे की नाही, या गोष्टी इव्हिओटाच्या जाती वेगळ्या करायला मोजतात. दुसरी मोठी मदत डोक्यावरच्या छिद्रांची. अंगावर संवेदनेची रेघ नाही हे आपण पाहिलं. तिचा उरलेला भाग गोबीच्या डोक्यावर बारीक नळ्यांच्या रूपात असतो आणि या नळ्या ठराविक जागी छिद्रांनी बाहेर उघडतात. डोळ्यांच्या मध्ये किती छिद्रं, डोळ्यामागे किती, कोणतं नाही, हा नकाशा जातीजातीत बदलतो. अर्नेस्ट लॅकनर आणि सुझन कर्नेला यांनी १९८० मध्ये इव्हिओटांचा मोठा आढावा घेतला, त्यात अशा खुणांचा भरपूर आधार आहे. दोन सेंटिमीटरच्या माशाच्या डोक्यावरची छिद्रं नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली माशावर निळा रंग चढवतात, छिद्रांच्या कडा उठून दिसतात, आणि काम झालं की रंग धुऊन काढतात.

रंग शेवटी, हा नियम प्रवाळात थोडा सैल करावा लागतो. इव्हिओटाचं अंग इतकं पारदर्शक असतं की आतले पट्टेसुद्धा दिसतात. छातीच्या पराच्या मुळाशी दोन ठिपके आहेत का, शेपटीच्या मुळाशी डाग आहे का, हे जिवंत माशावर पाहिलेलं फार कामाचं असतं. अल्कोहोलमध्ये गेल्यावर यातलं बरंच हरवतं. म्हणून आजचे अभ्यासक मासा पकडल्याबरोबर त्याचा जिवंत रंग टिपतात आणि मग मोजणीला बसतात.

प्रवाळातल्या सगळ्याच गोबींना इतका त्रास पडत नाही. गोबिओडॉन प्रजातीतले मासे उंच, दोन्ही बाजूंनी दाबलेले आणि बिनखवल्यांचे असतात. त्यांच्या कातडीवरचा चिकट द्राव बऱ्याच शत्रूंना विषारी असतो. ते फांद्याफांद्यांच्या अ‍ॅक्रोपोरा प्रवाळाच्या बेचक्यांत राहतात आणि सहसा तिथून हलत नाहीत. फिजीमध्ये डॅनियल डिक्सन आणि मार्क हे यांनी २०१२ मध्ये दाखवलं की विषारी शेवाळ प्रवाळाला टेकलं की प्रवाळ रासायनिक संदेश सोडतो आणि हे गोबी येऊन शेवाळ कुरतडतात. मासे एका जातीच्या घराला इतके बांधलेले असतील, तर मासा कोणत्या प्रवाळात बसला होता हीसुद्धा ओळखीची खूण ठरते. फोटो काढणाऱ्याने म्हणूनच मागचा प्रवाळ कापून टाकू नये.

९. गालावरचे ठिपके आणि जपानचे राजपुत्र

खरप्याकडे परत येऊ. त्याच्या गालावर, डोळ्याखाली, अतिशय बारीक पुटकुळ्यांच्या रेषा असतात. पाण्यातली थरथर टिपणाऱ्या या पुटकुळ्या. कोणती रेषा कुठून सुरू होते, कुठे संपते, एकेरी आहे की अनेक पदरी, यावरून ग्लॉसोगोबियसच्या एकसारख्या दिसणाऱ्या जाती वेगळ्या करता येतात.

या कामात जपानचे अकिहितो यांचं नाव येतं. १९८९ ते २०१९ या काळात ते जपानचे सम्राट होते. त्याआधी युवराज असल्यापासून गोबी हा त्यांचा अभ्यासविषय. १९६३ मध्ये गोबींच्या खांद्याच्या हाडावर त्यांचा निबंध छापून आला. १९७५ मध्ये त्यांनी आणि त्यांचे सहकारी मेगुरो यांनी ग्लॉसोगोबियस ऑरियस ही नवी जात वर्णन केली, आपल्या खरप्याची अगदी जवळची आणि त्याच्याशी सहज गल्लत होणारी. २०२१ मध्येही, पदत्यागानंतर, त्यांनी सहकाऱ्याबरोबर कॅलोगोबियसच्या दोन नव्या जाती मांडल्या. हाडं, छिद्रं आणि पुटकुळ्यांच्या रेषा अशा न बदलणाऱ्या खुणांवर त्यांनी जन्मभर भर दिला.

आता डीएनएची मदत मिळते. कॅनडातले पॉल हेबर्ट यांनी २००३ मध्ये सुचवलेल्या पद्धतीत एका ठराविक जनुकाचा साडेसहाशे अक्षरांच्या आसपासचा तुकडा वाचतात आणि ओळखलेल्या माशांच्या साठ्याशी ताडतात. पण साठ्यातल्या नमुन्याला आधी कोणीतरी काटे, खवले आणि जीभ पाहून बरोबर नाव दिलेलं असावं लागतं. तिथे चुकीचं नाव चिकटलं असेल, तर यंत्र तीच चूक मोठ्या खात्रीने परत सांगतं.

१०. तुमच्या हातात मासा आला तर

हात आधी ओले करा. कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि सोडलेला मासा रोगाला बळी पडतो. पारदर्शक डबा किंवा काचेची छोटी पेटी घ्या, त्यात नदीचंच पाणी भरा आणि मासा सोडा. डब्याच्या बाजूला पट्टी उभी करून एक फोटो बरोबर कुशीचा घ्या, म्हणजे पाठीचे पर, डाग आणि लांबी एकत्र येतील. मासा शांत झाला की पर उघडतो, तोवर थांबा. दुसरा फोटो डबा उचलून खालून घ्या, वाटीसाठी. तिसरा डोक्याचा, समोरून आणि बाजूने, जबडा दिसेल असा. कागदावर गाव, नदी, तारीख, तळ वाळूचा की खडकाचा, पाणी वाहतं की साचलेलं, एवढं लिहा. मग मासा जिथून घेतला तिथेच सोडा, दुसऱ्या ओढ्यात किंवा विहिरीत नाही. पाणी बदललेला मासा तिथल्या इतर माशांची पिल्लं खातो आणि पुढच्या अभ्यासकाला तो मुळात कुठला हे कधीच कळत नाही.

शिरवळसारख्या ठिकाणी मासे धरणाऱ्यांशी बोलल्याशिवाय हे काम पुरं होत नाही. पाण्याची पातळी कमी झाल्यावर खरपा कुठे मिळतो, पावसाच्या सुरुवातीला अंडी भरलेल्या माद्या येतात का, पूर्वी मिळणारे कोणते मासे आता जाळ्यात येत नाहीत, हे त्यांना ठाऊक असतं. त्यांनी सांगितलेलं स्थानिक नाव जसंच्या तसं टिपून घ्या आणि शेजारी काट्यांची, काड्यांची आणि खवल्यांची संख्या लिहा. दोन काठांवर एकाच माशाला दोन नावं असली, तर आकडे ते जुळवून देतील. एकाच नावाखाली दोन मासे असले, तर तेही आकड्यांतूनच उघड होईल.